अचानक ठरलेली समुद्रसहल : खान्देशातून श्रीलंकेच्या किनाऱ्यावर दोघांनी कसे जावे, कसे फिरावे

कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, दुकानातील लग्नसराईची गर्दी ओसरलेली असते किंवा दोघांच्याही रजा योगायोगाने एकाच आठवड्यात मंजूर झालेल्या असतात, आणि जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या जोडप्याच्या मनात समुद्रकिनाऱ्यावर चार-सहा दिवस घालवून येण्याचा विचार येतो. असा विचार आला की बहुतेक जण गोवा किंवा कोकण गाठतात, आणि त्यात काही वावगे नाही. परंतु दोघांकडेही पासपोर्ट असतील, तर जवळजवळ तेवढ्याच तयारीत श्रीलंकेचा किनाराही गाठता येतो. मुंबईहून कोलंबोपर्यंतचे थेट विमान सुमारे अडीच तासांत पोहोचते, तेथील घड्याळ आपल्याच वेळेवर चालते, वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच धावतात, आणि रेल्वे व बस थेट समुद्रकाठच्या गावांपर्यंत जातात. आधी कधीही परदेशी न गेलेल्या पती-पत्नींनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने कसा करावा, विशेषतः तेथील वाहनव्यवस्था कशी वापरावी, हे या लेखात सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अचानक ठरलेल्या सहलीत सर्व काही आयत्या वेळेवर सोडणे हे धाडस नव्हे, तो निष्काळजीपणा होय. पहिल्या रात्रीचा मुक्काम, तेथे नेणारे वाहन आणि परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र या तीन गोष्टी घर सोडण्यापूर्वी पक्क्या कराव्यात. मधले दिवस मोकळे ठेवावेत, मात्र मुक्काम एकाच गावात करावा आणि तेथून रेल्वे, बस व रिक्षाने आजूबाजूला फिरावे. पाच दिवसांत चार गावे पाहण्याच्या नादात निम्मा वेळ सामान बांधण्यात जातो, आणि ज्यासाठी एवढ्या दूर गेलो तो समुद्र गाडीच्या काचेतूनच पाहावा लागतो.

कोणत्या महिन्यात कोणता किनारा

श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस लागतात, त्यामुळे बेटाच्या दोन बाजूंचे हंगाम वेगळे आहेत. डिसेंबर ते मार्च या काळात दक्षिण व नैर्ऋत्य किनारा, म्हणजे बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, वेलिगामा आणि मिरिस्सा ही गावे, शांत समुद्र आणि कोरड्या हवेमुळे उत्तम असतात. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की याच किनाऱ्यावर लाटा उसळतात, पाणी गढूळ होते आणि अनेक ठिकाणी पोहणे धोक्याचे ठरते. त्या वेळी पूर्वेकडील त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा आणि अरुगम बे येथील समुद्र अनुकूल असतो.

आपल्या पंचांगात सांगायचे, तर कापूस घरात आल्यानंतर, पौष-माघात निघणाऱ्यांनी दक्षिणेकडे जावे. आखाजीसाठी माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्यावर निघायचे असेल, किंवा श्रावणात कानबाईचा उत्सव आटोपून जायचे असेल, तर पूर्व किनारा निवडावा. पूर्वेकडचा प्रवास कोलंबोपासून बराच लांबचा आहे आणि पहिल्यांदाच जाणाऱ्यांना थोडा कठीण वाटतो, म्हणून पुढील सर्व माहिती दक्षिण किनारा गृहीत धरून दिली आहे.

तारखा ठरवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक पौर्णिमेला श्रीलंकेत पोया नावाची सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि सुटीला लागून शनिवार-रविवार आले तर रेल्वे व बस भरून वाहतात. दुसरी गोष्ट एप्रिलच्या मध्यावर, साधारण १३ व १४ तारखेला येणाऱ्या सिंहली-तमिळ नववर्षाची. त्या दिवसांत सारे लोक आपापल्या गावी जातात, दुकाने बंद राहतात आणि प्रवास अवघड होतो.

कागदपत्रे : नावापासून सुरुवात करावी

दोघांच्याही पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असावी. पासपोर्टच नसेल तर पोस्टातील पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करून तो मिळेपर्यंत ही सहल पुढे ढकलावी. विमानाचे तिकीट आधी आणि पासपोर्ट नंतर असा क्रम कधीही ठेवू नये.

नवविवाहित जोडप्यांनी पुढील बाब विशेष लक्षपूर्वक वाचावी. लग्नानंतर पत्नीचे आधार कार्ड नव्या नावाने झालेले असते, परंतु पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो, असे आपल्याकडे नेहमी दिसते. अशा वेळी विमानाचे तिकीट, श्रीलंकेची प्रवासपरवानगी, प्रवासविमा आणि हॉटेलची नोंदणी ही सगळी पासपोर्टवरील नावानेच करावी, मग ते नाव माहेरचे असले तरी हरकत नाही. शिवाय आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव हे दोन्ही पुष्कळदा एकाच रकान्यात छापलेले असते. तिकीट काढताना ते जसे छापलेले आहे तसेच, अक्षरन् अक्षर जुळवून भरावे. दूरच्या पाहुण्याला फोनवर नाव सांगून तिकीट काढायला लावण्यापेक्षा पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवणे केव्हाही चांगले.

श्रीलंकेत पर्यटनासाठी जाण्यापूर्वी ईटीए नावाची ऑनलाइन प्रवासपरवानगी घ्यावी. ती तेथील इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावी, कारण तशाच दिसणारी अनेक खाजगी संकेतस्थळे जास्तीचे पैसे घेतात. पर्यटकांना ती साधारणतः ३० दिवसांसाठी मिळते. शुल्काचे नियम तेथील सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून अर्ज करतेवेळी संकेतस्थळावर दिसेल तोच आकडा खरा मानावा. परतीचे तिकीट, पहिल्या मुक्कामाची नोंदणी, ईटीए आणि विम्याचा कागद यांच्या छापील प्रती दोघांनीही आपापल्या पिशवीत वेगवेगळ्या ठेवाव्यात. मोबाइलमध्ये सगळे असले तरी बॅटरी संपण्याची वेळ नेमकी रांगेत उभे असतानाच येते.

खान्देशातून मुंबईच्या विमानतळापर्यंत

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यातील लोकांना मध्य रेल्वेच्या गाड्या सोयीच्या आहेत. मुंबईत शिरताना शेवटच्या स्थानकापर्यंत जाण्याचे कारण नाही. गाडी थांबत असेल तर कल्याण, ठाणे किंवा दादर येथे उतरून विमानतळ गाठावा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूच्या लोकांनी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने येऊन बोरिवलीला उतरावे. धुळे आणि शिरपूरकडून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव, नाशिकमार्गे येणाऱ्या बस ठाण्यातून जातात.

मुंबईच्या जुन्या विमानतळावरून आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल २ वरून होतात, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. म्हणून तिकिटावर विमानतळाचे नाव आणि टर्मिनल हे दोन्ही वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नये. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर असावे लागते. रेल्वे उशिरा धावण्याची शक्यता धरून, गाडी मुंबईत पोहोचण्याची वेळ आणि उड्डाणाची वेळ यांत किमान आठ तासांचे अंतर ठेवावे, असा माझा आग्रह आहे. पहाटेचे विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारीच मुंबई गाठावी.

पैसे आणि फोन

भारतातून बाहेर जाताना प्रत्येकाला २५,००० रुपयांपर्यंत भारतीय चलन सोबत नेता येते. तरीही थोडे अमेरिकी डॉलर आणि बँकेचे फॉरेक्स कार्ड किंवा परदेशी व्यवहारासाठी चालू केलेले डेबिट कार्ड सोबत असावे. श्रीलंकेत फेब्रुवारी २०२४ पासून आपली यूपीआय सेवा चालते, त्यामुळे लंका क्यूआर लावलेल्या दुकानांत थेट पैसे देता येतात; मात्र ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय घरूनच सुरू करून घ्यावी लागते. बस, रेल्वेची खिडकी आणि रिक्षा येथे रोख रक्कमच लागते. ५,००० श्रीलंकन रुपयांची नोट तेथील कंडक्टरला किंवा रिक्षावाल्याला मोडता येत नाही, म्हणून पैसे बदलून घेतानाच १००, ५०० आणि १,००० च्या नोटा मागून घ्याव्यात.

फोनच्या बाबतीत, एकाच्या फोनमध्ये विमानतळावर मिळणारे स्थानिक पर्यटक सिम घ्यावे आणि दुसऱ्याच्या फोनमधील भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवावे, म्हणजे बँकेचे ओटीपी येत राहतात. हे साधण्यासाठी, ज्याच्या बँकखात्यातून मुख्य खर्च होणार आहे त्याचा भारतीय क्रमांक बंद होऊ देऊ नये.

उतरल्यावरची पहिली रात्र

कोलंबोचे आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रत्यक्षात कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेला ३० हून अधिक किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. नवख्या प्रवाशाचा अंदाज येथेच चुकतो. दक्षिण किनारा कोलंबोच्याही पुढे असल्याने विमान सायंकाळी किंवा रात्री उतरणार असेल तर त्याच रात्री गॉल किंवा मिरिस्सा गाठण्याचा हट्ट धरू नये. विमानतळापासून दहा-बारा किलोमीटरवर नेगोंबो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे साध्या खोल्या भरपूर मिळतात, आणि बहुतेक गेस्ट हाऊस आधी कळवल्यास विमानतळावर वाहन पाठवतात. वाहनाचे भाडे निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे. ते जमले नाही तर आगमन कक्षातील अधिकृत टॅक्सी खिडकीवर पावती करूनच गाडीत बसावे. बाहेर हात धरून बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नये.

विमान सकाळी उतरत असेल तर चित्र वेगळे आहे. तेव्हा विमानतळावरून १८७ क्रमांकाच्या बसने थेट कोलंबोच्या फोर्ट-पेटा भागात जाता येते. टॅक्सीच्या तुलनेत हे भाडे अगदीच किरकोळ असते. मोठ्या बॅगा असतील तर या बसमध्ये त्या ठेवायला जागा अपुरी पडते, आणि कधी बॅगेसाठी वेगळ्या आसनाचे पैसे मागितले जातात, ते देऊन टाकावेत. म्हणूनच दोघांत मिळून एक मध्यम बॅग आणि पाठीवरची एकेक पिशवी एवढेच सामान असावे, असे मी आवर्जून सांगतो. किनाऱ्यावर जाणाऱ्याला कपडे फार लागत नाहीत, आणि सार्वजनिक वाहनाने फिरण्याचे स्वातंत्र्य हलक्या सामानावरच अवलंबून असते.

समुद्रालगतची रेल्वे

या संपूर्ण प्रवासातील सर्वांत सुंदर वाहन म्हणजे कोलंबोहून दक्षिणेला जाणारी किनारी रेल्वे होय, आणि कितीही घाई असली तरी एका दिशेचा प्रवास तिनेच करावा. कोलंबो फोर्ट हे मुख्य स्थानक असून तेथून गॉल सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. गाडीनुसार दोन ते तीन तास लागतात. काही गाड्या पुढे वेलिगामा, मातारा आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या मार्गाने बेलियत्तापर्यंत जातात. कोलंबो सोडल्यानंतर रूळ अनेक ठिकाणी समुद्राच्या इतके जवळून जातात की भरतीच्या वेळी लाटांचे तुषार खिडकीपर्यंत येतात.

तिकीट काढण्याची रीत सोपी आहे. या मार्गावरील बहुतेक गाड्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची विनाआरक्षित तिकिटे त्याच दिवशी खिडकीवर मिळतात. फोर्ट स्थानकात वेगवेगळ्या दिशांसाठी वेगवेगळ्या खिडक्या आहेत, त्यामुळे रांगेत उभे राहण्यापूर्वी वरची पाटी वाचावी किंवा ‘गॉल’ एवढेच विचारून खात्री करून घ्यावी. पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढावे. भाडे थोडेसेच जास्त असते आणि आसने बरी असतात. सायंकाळी कार्यालये सुटल्यानंतर कोलंबोहून निघणाऱ्या गाड्यांत उभे राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून सकाळची गाडी निवडावी आणि ती सुटण्यापूर्वी अर्धा तास फलाटावर असावे.

दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, तेव्हा त्या बाजूची खिडकी धरावी. गॉल स्थानकात मात्र एक गोष्ट घडते आणि तिने नवे प्रवासी गोंधळतात. तेथे गाडीची दिशा उलटते, म्हणजे माताराकडे निघताना ती आल्या वाटेनेच मागे सरकू लागल्यासारखी वाटते. घाबरून उतरू नये. गाडी योग्य मार्गावरच असते. दुसरी काळजी तिकिटाची. उतरल्यानंतर स्थानकाच्या दारावर कर्मचारी तिकीट परत घेतात, म्हणून प्रवास संपेपर्यंत ते जपून ठेवावे.

कुठे उतरावे हेही समजून घ्यावे. हिक्कडुवाला जलद गाड्या थांबतात आणि समुद्र स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उनावटुनासाठी गॉलला उतरून रिक्षा किंवा बस करावी. मिरिस्साला छोटे स्थानक आहे, परंतु तेथे मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून वेलिगामाला उतरणे सोयीचे.

हिक्कडुवाजवळच्या पेरेलिया येथे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एक भरलेली प्रवासी गाडी लाटांखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी ती एक आहे. तेथे स्मारक उभारलेले आहे. त्या बाजूला जाणाऱ्यांनी घटकाभर थांबून नमस्कार करावा असे मला मनापासून वाटते. किनाऱ्यावरील गावांत त्सुनामीच्या वेळी कोणत्या दिशेने उंचावर जावे हे दाखवणाऱ्या पाट्या आहेत. मुक्कामाच्या गावातील अशी पाटी पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी.

बस : तेथील रोजची वाट

किनाऱ्यालगतच्या गॉल रस्त्याने दिवसभर बस धावतात. सरकारी बस लाल रंगाच्या असतात आणि त्यांच्यात बसल्यावर आपल्या लालपरीतच बसल्याचा भास होतो. खाजगी बस अधिक रंगीत, अधिक वेगवान आणि अधिक गोंगाटाच्या असतात. उनावटुना, वेलिगामा, मिरिस्सा ही गावे गॉल ते मातारा या एकाच रस्त्यावर असल्याने, यांपैकी कोठेही मुक्काम केला तरी उरलेली गावे बसने अर्ध्या-पाऊण दिवसात पाहून परतता येते. हीच गोष्ट माझ्या ‘एकच मुक्काम’ या आग्रहामागे आहे.

थांब्यावर उभे राहून हात दाखवला की बस थांबते. पाटीवरील शेवटच्या गावाचे नाव पाहावे आणि चढताना आपल्या गावाचे नाव कंडक्टरला सांगावे. पुढची एक-दोन आसने बौद्ध भिक्षूंसाठी राखीव असतात. तेथे बसू नये, आणि बसलो असलो तरी भिक्षू आल्यास लगेच उठावे. भिक्षूंच्या शेजारी स्त्रियांनी बसू नये असाही तेथील संकेत आहे. भाडे कंडक्टर जागेवर येऊन घेतो. भाड्याबद्दल शंका असेल तर शेजारच्या प्रवाशाला विचारावे, कारण नेहमी जाणाऱ्या माणसाला ते तोंडपाठ असते. उतरण्याच्या थोडे आधी ‘बहिनवा’ असे म्हटले, म्हणजे ‘उतरायचे आहे’, की कंडक्टर घंटी वाजवतो. बस पूर्ण थांबण्याची वाट फार पाहिली जात नाही, म्हणून सामान हातात घेऊन दाराजवळ आधीच यावे, आणि पतीने बॅग घेऊन आधी उतरावे व पत्नी मागे राहावी असे न करता दोघांनी लागोपाठ उतरावे.

कोलंबोहून गॉल किंवा माताराला लवकर पोहोचायचे असेल तर दक्षिण द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या वातानुकूलित बस आहेत. त्या शहराच्या दक्षिणेकडील मकुंबुरा येथील बसस्थानकावरून सुटतात आणि गॉलला साध्या बसच्या निम्म्याहून कमी वेळात पोहोचवतात. या बसमधून समुद्र दिसत नाही. त्यामुळे जाताना रेल्वे आणि परतताना द्रुतगती बस अशी विभागणी करावी.

रिक्षा, ॲप आणि स्कूटर

श्रीलंकेत रिक्षाला थ्री-व्हीलर किंवा टुकटुक म्हणतात. कोलंबोत मीटर असलेल्या रिक्षा मिळतात, तसेच उबर आणि पिकमी ही ॲप चालतात. पिकमी हे तेथील स्वतःचे ॲप असून ते भारतातूनच फोनमध्ये घेऊन ठेवावे. किनाऱ्याच्या गावांत मात्र ठरावीक नाक्यांवर स्थानिक रिक्षावाल्यांची हद्द असते आणि ॲपवरून आलेल्या गाडीला तेथे विरोध होऊ शकतो. अशा ठिकाणी वाद न घालता नाक्यापासून थोडे चालत पुढे जावे किंवा भाडे ठरवून नाक्यावरचीच रिक्षा घ्यावी.

भाडे ठरवताना तीन प्रश्न बसण्यापूर्वीच मिटवावेत : रक्कम दोघांची मिळून की प्रत्येकी, फक्त जाण्याची की येण्याजाण्याची, आणि वाटेत थांबण्याचे वेगळे पैसे लागणार का. ‘कीयद?’ म्हणजे ‘किती?’ एवढा एक शब्द पुरतो. नेमके भाडे किती असावे हे सकाळी आपल्या गेस्ट हाऊसच्या मालकाला विचारून घ्यावे. वाटेत रत्नांचे दुकान, मसाल्याची बाग किंवा कासवांचे केंद्र फुकट दाखवतो असे चालक म्हणाला, तर तेथील खरेदीवर त्याला हिस्सा मिळतो हे लक्षात ठेवून, जायचे नसल्यास नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा. नकार देण्यात कोणाचा अपमान नाही.

स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण गावाकडे आपण रोजच चालवतो. परंतु तेथे केवळ भारतीय परवाना पुरत नाही. तेथे चालवण्यासाठी वेगळी अधिकृत परवानगी लागते. ती नसताना अपघात झाला तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि परक्या मुलुखात रुग्णालयाचा खर्च स्वतः सोसावा लागतो. चार दिवसांच्या सहलीसाठी हा धोका पत्करू नये.

पाण्यात उतरताना

तापी-गिरणेच्या पाण्यात किंवा मळ्यातील विहिरीत पोहायला शिकलेला माणूस चांगला पोहणारा असतो, यात शंका नाही. समुद्राचे पाणी मात्र जागेवर उभे नसते. लाटा किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत समुद्रात जाते, आणि त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करून दमतो. बहुतेक बुडण्याच्या घटना या दमण्यामुळे होतात. अशा वेळी ओढीशी झुंजू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हावे आणि मग लाटांसोबत परत यावे. हात उंचावून मदत मागण्यास संकोच करू नये.

लाल निशाण असेल तेथे घोट्यापर्यंतही उतरू नये. पोहता न येणाऱ्यांसाठी उनावटुनाचा वळणदार उपसागर त्यातल्या त्यात शांत आहे. वेलिगामाला लाटांवर फळीने तरंगण्याचे प्राथमिक धडे देणारे प्रशिक्षक भेटतात. हिक्कडुवाला कासवे किनाऱ्याजवळ येतात. त्यांना हात लावू नये आणि खायला घालू नये. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे पाहण्यासाठी बोटी निघतात. बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळत असेल तरच चढावे, आणि समुद्र लागण्याची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. मंगळसूत्र व इतर जड दागिने घरीच ठेवून साधी पोत घालून जाणे हिताचे, कारण लाटेत ओढले गेलेले पुन्हा सापडत नाही.

दुपारच्या उन्हाबद्दल खान्देशी माणसाला फार सांगण्याची गरज नाही. तरीही तेथील उष्मा दमट असतो आणि घामातून पाणी अधिक जाते, तेव्हा शहाळ्याचे पाणी दिवसातून दोनदा तरी घ्यावे. किंग कोकोनट नावाची केशरी शहाळी रस्तोरस्ती मिळतात.

शाकाहारी मंडळींसाठी

भात, वरणासारखी परिप्पू, फणसाची किंवा भोपळ्याची भाजी आणि नारळाचा सांबोल असे जेवण सर्वत्र मिळते. मात्र सांबोलमध्ये आणि काही भाज्यांतही वाळवलेल्या माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘मस् मालु एपा’, म्हणजे ‘मांस-मासे नकोत’, असे सांगून शिवाय ‘उंबलकड’ नको असेही म्हणावे. त्या चुऱ्याचे तेथील नाव ते आहे. सोबत शेंगदाण्याची चटणी, कळण्याचे पीठ आणि थोडे खाकरे न्यायला हरकत नाही.

अडचण आल्यास

पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिकेसाठी १९९० आणि पर्यटकांच्या मदतीसाठी १९१२ हे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असावेत. १९९० ची रुग्णवाहिका सेवा मोफत असून ती २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. पासपोर्ट हरवल्यास प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधावा. दक्षिण भागासाठी हंबनटोटा येथेही भारताचे महावाणिज्य दूतावास आहे. मूळ पासपोर्ट खोलीतील कुलूपबंद जागेत ठेवून फिरताना त्याची छायाप्रत बाळगावी. सायंकाळी दोघेही एकाच वेळी पाण्यात जाऊन पिशवी वाळूवर सोडू नये. एकाने किनाऱ्यावर बसावे.

परतीचा टप्पा

शेवटची रात्र पुन्हा नेगोंबोत किंवा कोलंबोत काढावी. दक्षिण किनाऱ्याहून निघून त्याच दिवशी विमान पकडायचे असेल, तर पाऊस, सुटीची गर्दी आणि कोलंबोतील वाहतूक यांचा हिशोब धरून निदान सात तास हाताशी ठेवावेत. गॉलहून निघण्याआधी वेळ उरला तर स्थानकासमोरच्या किल्ल्याच्या तटावरून एक फेरी मारावी. पोर्तुगिजांनी सुरू केलेला आणि डचांनी सतराव्या शतकात भक्कम केलेला हा किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तटावरून गॉलचे क्रिकेट मैदान फुकट दिसते. सामान स्थानकाजवळच्या ओळखीच्या हॉटेलात किंवा आपल्या गेस्ट हाऊसमध्ये ठेवून जावे.

मुंबईहून घरी येण्याचे रेल्वे तिकीट विमान उतरण्याच्या वेळेपासून किमान पाच-सहा तासांनंतरचे काढावे, कारण इमिग्रेशन आणि सामानाच्या पट्ट्यावर किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसते. उरलेले श्रीलंकन रुपये कोलंबो विमानतळावरच इमिग्रेशनपूर्वीच्या खिडकीवर बदलून घ्यावेत. आपल्याकडे ते बदलून देणारा सहजासहजी भेटत नाही, आणि त्या खिडक्यांवर पैसे बदलल्याची आधीची पावती मागतात, म्हणून पहिल्या दिवशी मिळालेली पावती पासपोर्टच्या खिशातच ठेवावी.